जाडीला मारू नका

ती. जेर्मेनताईस,

धाकट्या फेर्नांदचा वाकून नमस्कार (वाकल्यावर उठवत नाही, म्हणून खुर्चीतूनच). तुझे गुडघे, तुझ्या कोंबड्या आणि तुमच्या आर्लों गावचा पाऊस कसा आहे ते कळव. आम्ही इकडे दिनाँला मजेत, फक्त मला हल्ली काही समजेनासं झालंय.

माझी नात एलिन चित्रांची पुस्तकं करते, ठाऊकच आहे तुला. गोष्टही तिची, चित्रंही तिचीच. एक माणूस दार उघडतो, एवढं दाखवायला ती सहा चौकोन आखते. आधी पेन्सिल, वरून शाई, मग पेन्सिल खोडायची (मग काढायची कशाला?). वर्षभर राबून शेहेचाळीस पानं होतात आणि आमचा पाववाला भट्टी तापेस्तोवर ती वाचून मोकळा! तरी पोरीला मागणी केवढी म्हणून सांगू. शनिवारी ती पुस्तकांच्या दुकानात बसली होती. उपाशी राहील म्हणून मी तांदळाचा टार्ट घेऊन गेले, तर रांग पार रस्त्यापर्यंत. पिकल्या मिशांचे बाप्ये, आमचे दातांचे डॉक्टरसुद्धा, विकत घेतलेलं पुस्तक कवटाळून तासभर उभे. का, तर एलिन पहिल्या कोऱ्या पानावर प्रत्येकाला चित्र काढून देते, तेही फुकट! मी पुढे घुसले तर डॉक्टर म्हणतात, “आजीबाई, रांग मागे आहे.” म्हटलं, “तिचे लंगोट मी धुतलेत, तुम्ही काय केलंत?” तेवढ्यात एक चिमुरडी किंचाळली, “आई, जाडी म्हातारी! खरीखुरी!”

पुस्तकात दोन म्हाताऱ्या आहेत, एक जाडी, एक लुकडी. दोघी झग्याखाली कॉफी लपवून सरहद्दीपार नेतात (हे तिला कुणी सांगितलं, मला विचारू नकोस). जाडीच्या डोक्यावर माझीच हिरवी टोपी. मग काय, लोकांनी माझ्यापुढेच पुस्तकं धरली. पेन्शनच्या कागदावर करते तशी, जीभ बाहेर काढून सही केली सगळ्यांना. डॉक्टरांना शेवटी दिली.

इतकी खूश होते मी! आणि परतताना एलिन म्हणते, पुढच्या पुस्तकात एक म्हातारी मरणार.

“कुठली?”

“ठरलं नाही गं. प्रकाशकबाई म्हणतात, जाडीच मारा, रडू जास्त येईल. वाचकांची पत्रं बघून पुढच्या सोमवारी ठरवू.”

“अगं, मी जिवंत आहे ना अजून!”

“आजी, ती तू नाहीस. शाईची आहे ती.”

“मग टोपी माझी कशी?”

शाईची असली म्हणून काय झालं, ताई? रविवारी मी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जायचं? मेलेल्या बाईला कोण जागा देतं?

तुझी,
फेर्नांद

ता. क. तू सहावीपर्यंत शिकलीस, अक्षर मोत्यासारखं आहे. वेगवेगळ्या मुलांच्या नावाने दहा पत्रं प्रकाशकबाईंना टाक : “जाडीला मारू नका.” थोड्या चुका कर, मुलांची वाटायला हवीत.

ता. क. दुसरा. नुसतं तेवढं लिहून भागणार नाही, एकीला तरी मरावंच लागेल. तेव्हा लिही की लुकडी गेली तर चालेल. लोक म्हणतात तिचं नाक आर्लोंच्या कुणासारखं तरी आहे. मला नाही वाटत. बारीकसं साम्य असतं कुणाकुणात. शुक्रवारच्या आत टाक, आणि टाकेपर्यंत तब्येतीला जप.