पोर्चमधले फेल्टचे जोडे

सोमवार, ७ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! कॉव्हेंट्रीतल्या खुराड्यातून या खेड्यातल्या टुमदार कॉटेजमध्ये, मी आणि माझी सहा वर्षांची तनू. तिची नवी शाळा पुढच्या सोमवारपासून. नकुल क्रॉयडनच्या ऑफिसात अडकलाय, नवरोजी शुक्रवारी संध्याकाळी उगवतील.

काम झकास आहे. समोरच्या व्हिक्टोरियन चर्चमधली एकेक गोष्ट तपासून दुरुस्ती सुचवायची. ओकची बाकं, दगडी व्यासपीठ, पंखांवर बायबल पेलून उभा असलेला पितळी गरुड. पण माझा जीव जडला तो फरशीवर. तांबूस-पिवळ्या वेलबुट्टीच्या टाइल्स आणि मध्येच काही अगदी कोऱ्या. कारागीर कंटाळला असावा.

पोर्चमध्ये फेल्टचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, ढगळ जोडे मांडलेत. ते बुटांवरून चढवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असं चर्चची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस प्रिचर्डनी बजावलं. फरशीला इतकं जपणारी बाई मला आवडलीच.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज तनूलाही नेलं. पोर्चमध्ये तिने आपणहून बूट-मोजे काढून ठेवले. देवाच्या दारात पायात काही नको, हे मीच शिकवलेलं. मिसेस प्रिचर्ड नव्हत्या. म्हटलं, जोडे फरशी जपायलाच ना? मग अनवाणी पावलं तर त्याहून बरी. मीही बूट काढले, पण थंडीने कुडकुडत होते म्हणून मोजे पायातच ठेवले.

बाप्तिस्म्याच्या दगडी पात्राजवळ एक कोरी टाइल आहे. तनू तिच्यावर नाचत राहिली. "आई, फरशी वॉर्म आहे! इट टिकल्स!" मला तर मोज्यांतूनही बर्फ लागत होता. पोरीची आपली मज्जा.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आंघोळ घालताना तळव्यांना गुदगुल्या केल्या, तर तनू हसलीच नाही. उलटून पाहिलं. तळव्यांवर एकही रेघ नाही. बशीसारखे गुळगुळीत.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टाचणी टोचली, ती तिला कळलीही नाही. रक्त तपासू, घाबरू नका म्हणाले. नकुल फोनवर म्हणाला, मी नेहमीसारखी राईचा पर्वत करतेय. खरंच तसं असू दे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

फरशीवर टॉर्च आडवा धरला. ती टाइल आता कोरी नाही. दोन इवलीशी पावलं, रेघ न् रेघ. तनूच्या डाव्या टाचेवरचा, कधीतरी काच लागल्याचा व्रणसुद्धा.

मग बाकीच्या टाइल्स पाहिल्या. ती वेलबुट्टी नाही. तळव्यांच्या रेघा आहेत. भिंतीपासून भिंतीपर्यंत.

मिसेस प्रिचर्डना सांगितलं. जोडे फरशीसाठी नव्हते, माणसांसाठी होते म्हणाल्या. खरं कारण सांगून कोणी ऐकलं नसतं. फरशी आधी पाऊल घेते, मग उरलेलं माणूस मागते. उपाय विचारला. नाहीच म्हणाल्या.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

तनूला गाडीत घातलं. गाव सुटलं आणि तिचा श्वास अडकला. ओठ निळे. मागे वळले, लगेच श्वास आला. परत प्रयत्न केला — परत तेच.

दुपारी

छिन्नी घेऊन टाइल उखडायला गेले. पहिल्याच घावाला कॉटेजमधून तिची किंकाळी. मिसेस प्रिचर्डच्या मांडीवर होती. टाचेतून रक्त.

मी काहीच करू शकत नाही. काहीच.

नंतर

निसटली आमच्या हातून, चर्चमध्ये पळाली. त्या टाइलवर उभी आहे. आम्ही दोघींनी ओढलं, हलत नाही. गुडघ्यांपर्यंत टाइलसारखी तांबूस, कडक — वाजवलं तर —

मिसेस प्रिचर्ड मदत आणायला धावल्यात. कोण येणार, काय करणार?

कमरेपर्यंत. रडत नाहीये. म्हणते, "आई, तू पण ये ना."

नकुल, ही वही पोर्चमध्ये ठेव, लोकांना कळावं म्हणून — नाही, तू आत येऊच नकोस. आलास तर जोडे घाल. काढू नकोस, काही झालं तरी.

मी मोजे काढतेय. तिला एकटीला कशी —

खरंच गरम आहे रे, नकु