ओढ्यावरच्या पुलाचे झाकलेले नाव

प्रिय टेगन,

वुरंबील उपनगराचा स्वयंघोषित इतिहासाचार्य, अर्थात तुझा मर्व्हमामा, सविनय कळवितो की येथील समस्त चराचर कुशल आहे. अपवाद ओढ्यावरच्या नव्या पुलाचा. तो बांधून पूर्ण झाला, परंतु त्याचे नाव ताडपत्रीखाली अज्ञातवासात आहे.

प्रथम नगरवार्ता. आपल्या उपनगराच्या नावाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. नगरपालिका ‘विपुल मत्स्यांचे स्थान’ म्हणते, शाळा ‘गोड पाणी’ शिकवते, आणि घरे विकणाऱ्या दलालांच्या अद्ययावत संशोधनानुसार तो ‘नदीचे विहंगम दर्शन’ असा आहे. तेही सहाव्या मजल्यापासून वर. वीटभट्टीच्या आधी, चिनी माळ्यांच्या भाजीमळ्यांच्याही आधी, आपले आदिवासी पूर्वज सहस्रावधी वर्षे इथे मासे धरत होते; पण अर्थ विचारायला आपल्या दारी कुणी आले नाही. फक्त एकदा एका पाहुण्याने तुझ्या आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “राहा की इथं, म्हातारा हो, मग सांगते.”

नगरपालिकेच्या प्रत्येक समारंभाच्या आरंभी, इथल्या मूळ रहिवाशांतर्फे, पाहुण्यांचे या भूमीवर स्वागत करण्याचा मान तिचा असे. नगराध्यक्षांचे भाषण प्रदीर्घ, तिचे चार वाक्यांचे. स्मरणात तिचेच राहत असे. म्हणून ती गेल्यावर पुलाला तिचे नाव द्यायचे ठरले. नगरपालिकेतल्या फिलिपाबाईंनी भव्य फलक उभारला: ठळक नाव, वर तिचा हसरा चेहरा. हेतू निर्मळ, ज्ञान शून्य. गेलेल्या माणसाचे नाव घरच्यांनी मोकळे करेपर्यंत आपण उच्चारत नाही, त्याचा चेहरा पाहत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आजीने फलक पाहिला, काठी वळवली आणि बाजाराला लांबच्या रस्त्याने जाऊ लागली.

कळल्यावर फिलिपाबाई रडकुंडीला आल्या आणि स्वतः शिडीवर चढून ताडपत्री बांधू लागल्या. खालून आजी ओरडली, “अगं पोरी, उतर खाली! पडलीस तर तुझंही नाव बंद करावं लागेल आम्हाला.”

तेव्हापासून सारे उपनगर व्रतस्थ आहे. बेकरीवाला बुट्रोस सुस्कारा टाकून म्हणतो, “ती असती तर ‘तुझा पाव कालचा आहे’ म्हणून चारचौघांत भांडली असती रे!” औषधाच्या दुकानातल्या बाई तुझ्या आईच्याच नावाच्या, त्यांनी छातीवरच्या बिल्ल्यावर चिकटपट्टी लावली. मी कारण विचारले तर म्हणाल्या, “तुझी म्हातारी आई गोळ्या न्यायला येते, तिच्यासमोर हे नाव मिरवायला बरं नाही वाटत रे.” आजी त्यांना प्रेमाने ‘ए पट्टीवाले’ अशी हाक मारते. ज्या गावाने आपल्या माणसांना नदीपलीकडे हाकलले आणि नाव मात्र आपल्या भाषेतलेच ठेवून घेतले, ते आता एका बाईसाठी गप्प राहायला शिकते आहे. या घटनेवर मी विद्वत्ताप्रचुर भाष्य योजले होते, सुचले नाही.

आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे: मिटलेले नाव प्रथम लेकराने घ्यायचे, मग इतरांनी. तू अंत्यविधीनंतर पर्थला गेलीस ती गेलीसच. वर्ष उलटले. नगरपालिका वसंत ऋतूपर्यंत थांबणार आहे. त्यानंतर पुलाला नुसता क्रमांक मिळेल. आजीने बजावले आहे, “पोरीला घाई करशील तर याद राख, मर्व्ह!” म्हणून तिच्या नकळत लिहितो आहे.

आणि खरं सांगू? पुलासाठी नाही लिहीत. क्रमांक दिला तरी माणसं तो ओलांडतीलच. परवा ओढ्यावर पाणकोळ्यांचा थवा उतरला. बहिणीला दाखवावा म्हणून मी वळलो, तोंड उघडलं, आणि तसंच मिटून घेतलं. मला तिला हाक मारायची आहे, टेगन. ती येणार नाही हे कळतं मला. पण हाक मारायची आहे. तू ये. काठावर उभी राहून एकदा तिचं नाव घे. तुझ्या मागोमाग मी घेईन.

वाट पाहणारा, तुझाच
मर्व्हमामा