मुख्यालय अकोला

बाबा, आज कामाने अकोल्याला गेले होते. जठारपेठेतली तुमची गल्ली दिसली आणि ऑटोवाल्याला उगाच थांबवलं. घर आपलं अमरावतीला, पण तुम्ही निलंबित झालात तेव्हा साहेबांनी तुमचं मुख्यालय अकोला ठरवलं. म्हणून ती भाड्याची खोली. काम काही द्यायचे नाहीत, तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात जायचं, हजेरीची सही करायची आणि बाकावर बसून राहायचं. आरोप एकच, तुमच्या ताब्यातल्या गोदामात सिमेंटची पोती कमी भरली. चौकशी म्हणे लवकरच होणार होती. चौकशी करणाऱ्या साहेबांची बदली झाली, नव्यांना फाईल सापडेना, सापडली तर साक्षीदार रजेवर. भाजीचा मळा करणारे मोठे काका एकदा तुमच्यासमोरच चिडले होते, "वांगं लावलं तरी दोन-तीन महिन्यांत समजते, गोड हाय का किडकं. तुया साहेबाइले वर्षं कावून लागून राहिले?" तुम्ही नुसते हसलात.

माझं साक्षगंध ठरलं तेव्हा तुम्ही मुख्यालय सोडायची परवानगी मागितली. उत्तरच येईना. आई म्हणाली, एका दिवसासाठी गुपचूप या, कोण पाहायला बसलंय. तुम्ही फोनवर म्हणालात, "बिनापरवानगी हललो तर दुसरा आरोप लागते. अजून पहिलाच सरून नाही राहिला." मग काय, अख्खं साक्षगंधच आपण अकोल्याला नेलं. त्या एवढ्याशा खोलीत पाहुणे मांडीला मांडी लावून बसले आहेत, तुम्ही पाण्याचे ग्लास घेऊन वाट काढताय, आणि आई सासरच्यांना सांगतेय की यांची इकडे बदली झाली. परवानगी आली, पण पेढे संपल्यावर. त्या साहेबांना तेव्हा मी मनातल्या मनात काय काय बोलले! आजही बोलते, खोटं कशाला सांगू.

पुढची तारीख लागलेली असतानाच तुम्ही त्या खोलीतच आम्हाला सोडून गेलात. मग मात्र ऑफिसने घाई केली. कर्मचारी मयत झाल्याने चौकशी बंद, असा आदेश आला. दोषी नाही आणि निर्दोषही नाही. तेव्हापासून स्वप्नात येता ते बाकावर बसलेलेच. कोणीतरी आत बोलावेल म्हणून दाराकडे बघत राहता. मी हाक मारते ती तुम्हाला ऐकू जात नाही.

माझ्या बापाला तारखांनी मारलं, असं मी चारचौघांत सांगते. ते खरंच आहे. पण गोदामात पोती कमी भरली त्याच वर्षी आपल्या स्वयंपाकघरात सिमेंटचा ओटा झाला, आणि सिमेंट कुठून आणलं हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता दादा तो ओटा फोडून ग्रॅनाइट बसवायचं म्हणतो. आई हात लावू देत नाही, कारणही सांगत नाही. हे तिच्या हाती पडायला नको, म्हणून लिहून झालं की फाडून टाकीन. आदेश आला त्या दिवशी काकांनी शिव्या घातल्या, आई रडली, मीही रडले. पण बाबा, रडता रडताच मला सुटल्यासारखं वाटलं होतं, की आता निकाल कधीच लागणार नाही.