ऑइल पेंटातलं गणित

९ फेब्रुवारी १९७६, सोमवार
भर स्टाफरूममध्ये इन्सल्ट. करणाऱ्या कोण, तर जूनमध्ये वरवंडहून बदलून आलेल्या मालनबाई. नववीच्या चाचणीत −३² चं उत्तर −९ लिहिणाऱ्या एकतीस पोरांचे मार्क मी कापले. उणे गुणिले उणे अधिक, म्हणून ९. सतरा वर्षं हेच शिकवतोय. तर बाई म्हणाल्या, "सर, कंस नाही तिथं. वर्ग एकट्या तीनचा होतो, उणे बाहेरच राहतं."
हेडमास्तर हसले. शनिवारी इन्स्पेक्शनचे साहेब येऊन दहावीचं गणित कोणाला द्यायचं ते ठरवणार. दहावी माझीच आहे. बाईंचा बदला घेणार.

१० फेब्रुवारी, सकाळी ६
बाईंशी अबोला. कायमचा. पुस्तक उघडून बघायची गरज नाही. पुस्तकवालेही चुकतात.

त्याच दिवशी, दुपारी
बाईंनी चहा पुढे केला. आल्याचा होता. थँक्यू म्हणावं लागलं. अबोला उद्यापासून.

१२ फेब्रुवारी
जबरदस्त प्लॅन. गेटवरचा सुविचाराचा फळा सोलापूर रोडकडे तोंड करून आहे, एस.टी.तले लोकसुद्धा वाचतात. आज त्यावर ऐसपैस लिहिलं: −३ ² = ९. खाली माझं नाव. खडूनं लिहिलं तर बाई पुसतील, म्हणून ऑइल पेंट. कोंडिबा शिपाई म्हणाला, "सर, ह्यो परत निघायचा न्हाई बरं." म्हटलं, तेच पाहिजे.

१४ फेब्रुवारी
साहेब फळ्यापाशी थांबले. खूश. विचारलं, घातांक इतका नेमका कोणी लिहिला? मी छाती काढून पुढे झालो. साहेब म्हणाले, मग कंस तेवढे खडूचे का?
बघतो तर (−३)² = ९.
कोंडिबाला तोंड बंद ठेवता येत नाही. "कंस मालनबाईंनी दिलं, सायेब. सरांची लाज जाईल म्हन्ल्या."
दहावी बाईंना. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मला चित्रकला.

१६ फेब्रुवारी, सोमवार
बाईंनी दया दाखवून डाव साधला. सोडणार नाही.
रॉकेलनं घासून पाहिलं. पेंट हलत नाही. कोंडिबा रोज सकाळी फळ्यावर ओलं फडकं मारतो, कंस जातात, बाकी गणित आणि माझं नाव राहतं. पुसू नको म्हटलं तर म्हणतो, "फळा रोज पुसायचा ही आर्डर तुमचीच हाय."
पावणेसातच्या एस.टी.च्या आत गेटवर गेलो आणि दोन्ही कंस खडूनं मीच काढले. उजवा जरा वाकडा आला. उद्या नीट काढीन.