चटईवरची माझी जागा

प्रिय नेतानी,

तुझा फोन आला, पण बोलणं मोठ्या काकांचं होतं. 'दादा, तू सुवाच्या इस्पितळातच राहा. माकेरेताला मागणी घालायला पाहुणे येतील तेव्हा तिच्या बापाच्या जागी मी बसतो,' हे तू एका दमात म्हणालास. माझे पाय गेलेत रे, कान शाबूत आहेत. तुझ्यामागून काका काय पढवत होते ते इथे स्वच्छ ऐकू येत होतं : 'सांग त्याला, पाहुण्यांसमोर पाय उडाला तर मानाच्या यंगोना पेयाचा वाडगाच लाथाडेल. पाहुण्यांनी मागणीसाठी आणलेला देवमाशाचा दात हातात घ्यायचा तर आधी मांडी घालून बसता आलं पाहिजे.'

काकांचं खोटं नाही. वाडग्याकडे पाय पसरला म्हणून लहानपणी त्यांच्याच हातचा मार आपण दोघांनी खाल्लाय. पण माझा पाय मी पसरत नाही, तो पसरतो. इथे व्यायाम करून घेणारी लोसाना नावाची पोरगी आहे, तिने मला हे समजावलं आणि मी ते बोटीवरच्या भाषेत बसवून घेतलं. डोकं म्हणजे सुकाणूवरचा कप्तान, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू म्हणजे इंजिनापर्यंत हुकूम नेणारी तार. समुद्रतळावरचे ते प्राणी, समुद्री काकड्या, वेचायला दिवसभर खाली-वर बुड्या मारल्या, रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि त्यांनी ती तार मध्येच खाल्ली. पण खालचा इंजिनवाला मेलेला नाही. कप्तानाचा आवाज येईना म्हणून तो मनाचा राजा झालाय. चादर घासली तरी दचकतो आणि पाय ताणून मोकळा होतो. आपल्या काकांसारखाच. कोणी काही विचारलं नाही तरी उत्तर देतो.

माकेरेता मध्यंतरी येऊन गेली. मला डालोच्या कंदाचा रस्सा भरवत होती तेवढ्यात पाय उडाला आणि ताटली तिच्या अंगावर. कपड्यांवरचा रस्सा झटकत म्हणाली, 'बाबा, मुलगा पसंत नसेल तर तोंडाने सांगा की.' अख्खा वॉर्ड हसला. जाताना मात्र दारात थांबून हळूच विचारलं, 'तुम्ही याल ना?' तेव्हा मी नुसती मान हलवली होती. आता लेखी देतो.

उसन्या होडीवर मी धंदा सुरू केला तेव्हाही हेच काका म्हणाले होते, आपल्या घरात व्यापारी होत नसतात. आज त्यांची मुलं माझ्याच बोटींवर आहेत. या इंजिनवाल्यालाही मी कामाला लावलाय. सकाळी लोखंडी दांडा धरतो, गुडघ्याच्या वर थाप मारतो, पाय काठीसारखा ताठ होतो आणि त्याच ताठरपणावर मी उभा राहतो. लोसाना आधी ओरडली, मग स्वतःच मोजायला उभी राहिली. ज्या लाथेला काका घाबरतात, तीच मला उभं करते. जो हुकूम मानत नसेल त्याच्याशी सौदा करावा, एवढं मी धंद्यात शिकलोय.

तू मात्र एकदाही इथे आला नाहीस. बोटी दुरुस्तीला आहेत, वारा वाईट आहे, छपराचं काम निघालंय, सगळी कारणं ऐकली. एकच कारण तू दोनदा सांगतोस तेही ऐकलं. त्या दिवशी वादळ अंगावर आलं म्हणून तू मला खोलातून घाईने वर ओढलंस, आणि त्या घाईनेच बुडबुडे झाले हे तू मनाला लावून बसलायस. नसतं ओढलंस तर दोघंही बोटीसकट तळाशी असतो आणि माकेरेताला बापही नसता आणि बदली बापही नसता. हा विषय माझ्याकडून संपला. तुझ्याकडूनही संपव.

शुक्रवारच्या बोटीने मी निघतोय. परवानगी मागायला हे लिहिलेलं नाही, तिकीट काढून झालंय. तू माझ्या जागी बसू नकोस, माझ्या मागे बस. पाय घडी घालून दिलेस की दोन्ही तळवे माझ्या गुडघ्यांवर ठेव. दाबायचं नाही, हलवायचं नाही. दाबलं की तो चिडतो, स्थिर हात लागला की बहुधा निवतो. हे काम मला दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचं नाही, म्हणून हे पत्र. आणि इतकं करूनही भर मांडवात पाय सुटलाच, तर सुटू दे. काकांना म्हणावं, मुलीचा बाप सगळाच्या सगळा आलाय, पायांसकट.

तुझाच थोरला,
इसिकेली