परत पिल्लं सांभाळणाऱ्या माश्या

आबा, परवा प्रयोगशाळेत तुमची इतकी आठवण आली की हातातलं काम ठेवून मी मागच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली. ज्या गोष्टीवरून मी तुम्हाला एकदा फोनवर गप्प केलं होतं, तीच माझ्यासमोर संगणकाच्या पडद्यावर होती, आणि ती ज्याला सांगावी असा माणूस एकच होता.

आई गेली त्या वर्षी तुम्ही मधपेट्यांकडे बघणंच सोडलं होतं. माझं संशोधन अर्धवट, नवऱ्याची नोकरी परगावी, कोल्हापुरात पोरीला सांभाळायला कुणी नाही. आठ महिन्यांची पोर कडेवर घेऊन मी गारगोटीला उतरले, तिथून आपल्या वस्तीवर आले, तर तुम्ही दाढी वाढवून कट्ट्यावर बसलेले. "पंधरा दिवस बघा," मी म्हटलं. आणि तिला तुमच्याजवळ ठेवून परतले. पुढच्या शनिवारी येते तर तुम्ही स्वयंपाकघरात मांडी घालून बसलाय, मांडीवर ती, आणि मऊ भातावर फुंकर घालत बोटानं तिला भरवताय. दाढी केलेली. अंगात धुतलेला सदरा. मी कोल्हापुरातल्या पाळणाघराचा विषय काढला तेव्हा वरही न बघता म्हणालात, "मला म्हातारं ठरवून पोरगी नेऊ नगंस."

पंधरा दिवसांची तीन वर्षं झाली. तुम्ही पुन्हा पेट्या उघडायला लागलात. ती पाठीशी बांधलेली, माश्यांना धूर द्यायचं धुराडं हातात. एका उन्हाळ्यात तुम्ही जांभळाखालची पेटी उचलून वावराच्या दुसऱ्या टोकाला नेलीत. रानात मधाला गेलेल्या माश्या मात्र सवयीनं जुन्याच जागी परतल्या. सगळ्या वयस्क, पंखांच्या कडा झिजलेल्या. पोळ्यात पिल्लांना भरवायचं काम कोवळ्या माश्यांचं. एकदा मधाला बाहेर पडलेली माशी दोन-तीन आठवड्यांत संपते. त्या उघड्यावर मरू नयेत म्हणून तुम्ही तिथं रिकामी पेटी मांडलीत आणि अंडी-अळ्यांची एक चौकट आत सोडलीत.

महिन्यानं तुमचा फोन आला. मी नमुने मोजत होते.

"पोरी, त्या म्हाताऱ्या माश्या पिल्लांस्नी भरवाय लागल्यात. आतापातुर मराय पायजे हुत्या. मेल्या न्हाईत. परत तरण्या झाल्यागत वाटत्यात बघ."

"आबा, असं काही नसतं. वय उलटं फिरत नाही."

"तुमच्या पुस्तकात नसंल," तुम्ही म्हणालात. "हितं हाय."

मी कामाचं निमित्त सांगून फोन ठेवला. तुम्ही पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

मी इतकी वर्षं ज्याच्यावर काम करतेय ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. राणी आणि कामकरी माशी एकसारख्याच अंड्यातून येतात. अळीला काय खायला मिळतं त्यावरून एक राणी होते, अंडी घालते, वर्षानुवर्षं जगते. दुसरी राबून काही आठवड्यांत जाते. जनुकं तीच. पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा असतात, आणि कोणतं जनुक उघडायचं, कोणतं मिटून ठेवायचं हे ठरण्यात त्यांचा वाटा असतो. एवढं तर तुम्ही ऐकून मान हलवली असती. पुढचं ऐकताना मात्र मला तुमचं तोंड बघायचं होतं. कसबा बावड्याच्या एका शेतात मी तुमच्यासारख्याच पेट्या हलवल्या. झिजल्या पंखांच्या माश्यांना पिल्लं दिली. त्या भरवायला लागल्या, पुष्कळ दिवस टिकल्या. आणि त्यांच्यातल्या काही खुणा, सगळ्या नाहीत आबा, पण काही, कोवळ्या माशीत असतात तशा परत झाल्या. जगात इतरांनीही हे पाहिलंय. तुम्ही ते कुठलंही यंत्र नसताना, पोर पाठीशी घेऊन, नुसतं बघून सांगितलं होतं.

नात आता उंच झालीय, माझ्यापेक्षाही. भात अजून फुंकून खाते, गार झालेला असला तरी. का ते तिला माहीत नाही.

तिला शाळेसाठी कोल्हापूरला आणलं ते जून महिन्यात. त्या थंडीत तुम्ही गेलात. शेजारची काकू म्हणाली, पोर गेल्यापास्नं जेवणावरनं लक्षच उडालं हुतं त्यांचं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी डॉक्टरांचं धरून बसले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून एवढं लिहिते. तिला घेऊन निघाले त्या दिवशी गारगोटीच्या स्टँडवर मी गाडीत बसले होते, ती माझ्या मांडीवर होती, तुम्ही खाली खिडकीचा गज धरून उभे होता. गाडी सुरू झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आनी एक वरीस ऱ्हाऊ दे की माझ्याजवळ." मी कानाला हात लावून, ऐकू येत नाही अशी खूण केली.

इंजिनाचा आवाज मोठा होता. पण मला ऐकू आलं होतं, आबा.