भूमध्य समुद्रात अप्पांचा दहावा

बोटीवरून, पोर्ट सईदच्या पुढं
१९३५

तीर्थरूप दादांस त्र्यंबकचा नमस्कार.

अप्पा गेल्याची तार एडनला मिळाली. मी जेवतो, झोपतो. आईला तसं सांगा. तिच्या डोळ्यांचं कसं आहे?

बोट फार मोठी आहे. चढल्यावर दोन दिवस मला माझीच खोली सापडत नव्हती. आज दहावा, म्हणून स्वयंपाक्याकडून भात मागून घेतला आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर ठेवला. खोलीतला सोबती, गयास नावाचा, आपल्या गंगापूरचा आहे. तो म्हणाला, "भाई, समुद्रात कावळा कुठून आणायचा?" तरी कावळा दिसतो का बघत माझ्यासोबत सगळे मजले हिंडला. पांढरे समुद्रपक्षी भातावर आले, ते मी हाकलले. चुकलं का, दादा? शेवटी भात पाण्यात सोडला.

औरंगाबाद स्टेशनवर अप्पांनी विचारलं होतं, "शिकून परत येशील ना?" तेवढ्यात गाडी हलली आणि मी नुसता हात हलवला.

तिकडं पिंडाला कावळा लगेच शिवला का? थांबला असेल, तर माझ्या नावानं "तो परत येईल" असं कोणी म्हणालं का? म्हणालं नसेल, तर आता उपयोग नाही हे मला कळतं. तरी तुम्ही एकदा घाटावर जाऊन म्हणा.

तुमचा धाकटा भाऊ,
त्र्यंबक